नऊ ते पाच

वहीत ८ नोव्हेंबरच्या चौकटीभोवती मी लाल पेनाने गोल काढला होता आणि आत एकच शब्द लिहिला होता : शोपेरो. इटालियन भाषेत संपाला हा शब्द आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात आई आणि मी इटलीत नऊ दिवस हिंडणार होतो. आईने सत्तरी ओलांडलेली. चालायची हौस दांडगी, पण गुडघे साथ देत नाहीत, चढ आला की दोनदा टेकावं लागतं. मोटार भाड्याने घ्यायची नाही हे आधीच ठरलं होतं. म्हणजे सगळी भिस्त रेल्वे आणि बसवर.

इटलीच्या वाहतूक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर येऊ घातलेल्या संपांची यादी असते. कोणती संघटना, कोणतं क्षेत्र, कोणता प्रांत, कधीपासून कधीपर्यंत, सगळं ओळीने मांडलेलं. ती पहिल्यांदा उघडली तेव्हा छातीत धस्स झालं. महिनाभरात इतके संप? मग रोज रात्री ती वाचत गेले तसतशी तिची रीत कळू लागली. आधी बघायचा तो 'रिलेवान्त्सा'चा, म्हणजे व्याप्तीचा रकाना. 'नात्सिओनाले' असेल तर देशभर, 'लोकाले' असेल तर कुठल्या तरी एका गावच्या बसपुरता. मग क्षेत्र : रेल्वे वेगळी, शहरातली बस-मेट्रो-ट्राम वेगळी, विमान वेगळं. बसवाले संपावर असले तरी त्या दिवशी आगगाडी नेहमीसारखी धावू शकते, आणि उलटही. त्यानंतर वेळ. चोवीस तासांचा, आठ तासांचा, चार तासांचा. रेल्वेचा चोवीस तासांचा संप पुष्कळदा रात्री नऊला सुरू होऊन दुसऱ्या रात्री नऊला संपतो, म्हणजे तो एका तारखेवर बसत नाही, दोन तारखांवर पाय टाकून बसतो. हे लक्षात न आल्यामुळे सुरुवातीला मी एक अख्खी संध्याकाळ चुकीची धरली होती. आणि सगळ्यात शेवटी शोधायचा तो 'रेवोकातो' हा शब्द. रद्द. जाहीर झालेले कितीतरी संप वाटाघाटीत सुटतात किंवा पुढे ढकलले जातात, म्हणून यादी एकदा वाचून भागत नाही.

८ तारखेचा संप सुटणारा दिसत नव्हता. देशभरातल्या शहरी आणि गावोगावच्या बससेवेचा, चोवीस तासांचा, नव्या वेतन करारासाठी पुकारलेला. एरवी अशा दिवशी ठरावीक तासांत गाड्या नेहमीसारख्या सोडाव्या लागतात. त्यांना 'फाशे दि गारान्त्सिया' म्हणतात, हमीच्या वेळा. मिलानमध्ये साधारण सकाळी पावणेनऊपर्यंत आणि दुपारी तीन ते सहा, रोममध्ये साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी पाच ते आठ. फ्लोरेन्समध्ये पहाटे सव्वाचार ते सव्वाआठ, आणि मग दुपारी साडेबारा ते अडीच. त्यावर माझी नजर थबकली. दुपारचे दोनच तास, तेही भर मध्यान्हीचे! मुलं शाळेतून घरी यायची तीच वेळ. कोणत्या गावात कोणाला कधी घरी पोचवलं पाहिजे, हे त्या आकड्यांत दिसतं. पण ८ तारखेला या हमीच्या वेळांतही नेहमीच्या मानाने थोड्याच गाड्या सुटणार होत्या.

म्हणून मी आखणी फिरवली. फ्लोरेन्सहून सिएनाला ८ ला जाणार होतो, ते ७ वर आणलं. सिएनाला आगगाडीही जाते, पण स्टेशन खाली दरीत आणि गाव वर टेकडीवर, म्हणून आईसाठी बसच बरी. ८ चा दिवस फ्लोरेन्सच्या जुन्या गावात पायी फिरायला ठेवला. तिथे दोन ठिकाणांमध्ये दहा मिनिटांपेक्षा जास्त चाल क्वचितच पडते. उंचावरचा मिकेलान्जेलो चौक मात्र बसशिवाय आईला जमणारा नव्हता, तो ६ तारखेला. परतीचं विमान १० ला रोमहून, म्हणून ९ लाच रोम गाठायचं. विमानाच्या आधीची एक रात्र त्याच शहरात मोकळी ठेवायची, हा नियम मी स्वतःला घालून घेतला होता आणि आजही पाळते. कुठल्याच दिवशी शेवटच्या गाडीवर विसंबायचं नाही, हा दुसरा. वहीतलं ते पान पाहून आई म्हणाली, "अगं, तू त्यांच्या संपाचं पंचांगच मांडलंयस." खरंच पंचांगासारखं झालं होतं ते. कुठला दिवस वर्ज्य, कुठली वेळ निघायला चांगली.

पण ते मांडताना मला दुसरंच काहीतरी वाचायला मिळालं, आणि त्याच्याबद्दल लिहायचं म्हणून हा लेख.

इटलीच्या राज्यघटनेचं ४० वं कलम एका वाक्याचं आहे. संपाचा हक्क त्याचं नियमन करणाऱ्या कायद्यांच्या चौकटीत बजावला जाईल, एवढंच. ती घटना १९४८ पासून अमलात आहे. त्याआधी फॅसिस्ट राजवटीने १९२६ च्या कायद्याने संप हा गुन्हाच ठरवून टाकला होता. तरी मार्च १९४३ मध्ये, युद्ध चालू असताना, तुरिनच्या कारखान्यांतल्या कामगारांनी हत्यारं खाली ठेवली. हत्यारं म्हणजे पाने आणि हातोडे. तुरुंग दिसत असताना यंत्राजवळून हात काढून घेणारी ती माणसं आणि १९४८ चं ते एक वाक्य, यांच्यात पाचच वर्षांचं अंतर आहे. असं वाक्य नुसतं कलम म्हणून वाचता येत नाही.

घटनेने ज्या कायद्यांचा उल्लेख केला, त्यांतला सार्वजनिक सेवांचा कायदा व्हायला मात्र १९९० उजाडलं. १४६ क्रमांकाचा हा कायदा. संपाची सूचना किमान दहा दिवस आधी द्यायची. किती वेळ आणि कोणत्या तऱ्हेने, ते सांगायचं. प्रवाशांना किमान पाच दिवस आधी कळलं पाहिजे. अत्यावश्यक तेवढ्या फेऱ्या चालू ठेवायच्या, आणि या सगळ्यावर नजर ठेवायला एक हमी आयोग. प्रादेशिक आगगाड्यांसाठी कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळा हमीच्या. २७ जुलै ते ५ सप्टेंबर या दिवसांत विमान वाहतुकीचा संप नाही, कारण अख्खा देश तेव्हा सुटीवर निघालेला असतो. मंत्र्याला संप आखडता घ्यायला लावायचा अधिकारही आहे. नोव्हेंबर २०२३ च्या सार्वत्रिक संपात तो वापरला गेला आणि वाहतुकीचे आठ तास चारावर आले. त्यावर संघटना खवळल्या, आणि मला वाटतं रास्तपणे खवळल्या.

फ्रान्सने याचं उत्तर निराळं काढलं. तिथे २००७ च्या कायद्याप्रमाणे गाडी चालण्यासाठी ज्यांची गरज आहे, अशा प्रत्येक कर्मचाऱ्याने आपण संपात आहोत हे ४८ तास आधी कळवायचं, म्हणजे कोणत्या गाड्या धावतील ते आदल्या दिवशी प्रवाशाला कळतं. प्रवाशाला ते सोयीचं. मला मात्र इटलीची तऱ्हा अधिक भावते. तिथे दिवसच वाटून घेतला आहे. सकाळचे तीन तास तुमचे, मधला दिवस आमचा, संध्याकाळचे तीन तास पुन्हा तुमचे.

संपाच्या जातींना इटालियनांनी नावंही काय नेमकी दिली आहेत! थोडं काम, थोडं बंद, पुन्हा काम, पुन्हा बंद असं चाललं तर तो उचकीचा संप, 'आ सिंगिओत्सो'. एकेका विभागाने आळीपाळीने काम थांबवलं तर तो बुद्धिबळाच्या पटाचा, 'आ स्काक्किएरा'. आणि नियमपुस्तकातलं एकूण एक कलम पाळून काम संथ केलं तर तो पांढरा संप. शोपेरो या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधलं काम आहे आणि त्यातून बाहेर पडणं आहे. इंग्रजीतल्या 'स्ट्राइक'मागे १७६८ साली लंडनच्या बंदरात खलाशांनी उतरवलेली जहाजांची शिडं आहेत. आणि आपला 'संप'? शेजारच्या गुजरातीत आजही संप म्हणजे एकी, मेळ. एकाने काम थांबवलं, दुसऱ्याने शिडं उतरवली, आणि आपला शब्द थांबण्याबद्दल काहीच बोलत नाही. तो फक्त एकत्र येण्याबद्दल बोलतो.

आम्ही २ नोव्हेंबरला मिलानला उतरलो, ३ ला जेनोवाला गेलो. ५ ला सकाळी दहाच्या गाडीने समुद्रकाठच्या मार्गाने पिसा आणि तिथून फ्लोरेन्स, असा बेत होता. माझ्या पंचांगात ५ तारीख कोरी होती.

४ च्या रात्री आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाईंनी दारावर टकटक केली. हातात फोन. "दोमानी, शोपेरो." उद्या संप. मी म्हटलं, नाही, ८ ला. त्यांनी मान हलवली आणि फोन पुढे केला. त्याच दिवशी जेनोवाच्याच रिवारोलो भागात आगगाडीतल्या एका कर्मचाऱ्याला तिकिटावरून झालेल्या वादात भोसकलं होतं. तो कापोत्रेनो होता. गार्ड आणि टीसी, ही दोन्ही कामं तिथे याच एका माणसाकडे असतात. संघटनांनी दुसऱ्या दिवशी, ५ तारखेला, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, देशभर रेल्वेचा संप पुकारला होता.

दहा दिवसांच्या सूचनेचं काय? ते कायद्यातच आहे. कामगारांच्या जिवावर बेतेल अशी गंभीर घटना घडली, तर तिच्या निषेधाच्या संपाला सूचनेची अट लागू होत नाही. हे कलम मी महिनाभरापूर्वी वाचलं होतं, पण आपल्या प्रवासात ते लागू होईल असं मनातही आलं नव्हतं. आदल्याच वर्षी, ३० ऑगस्ट २०२३ च्या रात्री, तुरिनजवळ ब्रान्दित्सो स्टेशनात रुळांचं काम करणारे पाच जण धावत्या गाडीखाली सापडून गेले होते. तीही बातमी मी वाचली होती आणि पान उलटलं होतं.

आई पलंगावर बसून ऐकत होती. तिने दोनच प्रश्न विचारले. "तो वाचलाय ना?" वाचला होता. आणि मग, "आपल्याला किती वाजता उठायचं?"

वही उघडली. संप नऊला सुरू. संप सुरू व्हायच्या आधी सुटलेली गाडी, संप सुरू झाल्यापासून तासाभरात शेवटच्या स्टेशनात पोचणार असेल, तर तिला पोचवतात. तासाहून जास्त लागणार असेल तर ती मध्येच एखाद्या स्टेशनात थांबू शकते. म्हणजे दहाची गाडी गेली. पहाटे सहाच्या सुमाराच्या प्रादेशिक गाडीने ला स्पेत्सिया, तिथून सव्वाआठनंतरच्या गाडीने पिसा. साडेनऊपर्यंत पिसा नक्की. पुढचं फ्लोरेन्स मात्र पाचनंतर. दहाच्या गाडीच्या तिकिटाचे पैसे परत मागता येत होते, ते मागितले. लांब पल्ल्याच्या बसमध्येही जागा शोधल्या. तासाभरात त्या भरून गेल्या होत्या.

पहाटेच्या त्या गाडीत सुरुवातीला नुसता काळोख होता. सातनंतर उजाडलं आणि दोन बोगद्यांच्या मध्ये समुद्र दिसू लागला. बोगदा, समुद्र, बोगदा, समुद्र. आई काचेला कपाळ टेकून बसली होती. दहाच्या गाडीने गेलो असतो, तर हा उजाडता समुद्र तिला दिसला नसता. डब्यात कामाला निघालेली माणसं होती, बरीचशी उभी. त्यांच्यासाठी ती हमीची वेळ होती, आम्ही तिच्यात शिरलो होतो. आईने मांडीवर पिशवी घेतली आणि शेजारची जागा मोकळी करून दिली.

पिसाला उतरलो तेव्हा साडेनऊ व्हायचे होते. फलकावर ओळीमागून ओळ 'कांचेल्लातो' होत होती. रद्द. सामान ठेवायच्या खोलीत बॅगा टाकल्या आणि बाहेर पडलो. हातात साडेसात तास, आणि मनोरा तर दोन तासांत बघून होतो. शहरातल्या बस चालू होत्या, कारण आजचा संप त्यांचा नव्हता.

दुपारी परत येऊन स्टेशनजवळच्या सान्त अँटोनिओ आबाते चर्चमागे बसलो. तिथे आख्ख्या भिंतीवर अमेरिकन चित्रकार कीथ हेरिंगने १९८९ साली रंगवलेलं चित्र आहे, 'तुत्तोमोंदो', म्हणजे सगळं जग. ते काढल्यावर काही महिन्यांनी तो गेला. भिंतभर तीस आकृत्या, एकमेकींत गुंतलेल्या, ठसठशीत रंगांच्या. आईला त्यातली कात्री सापडली. दोन माणसं जोडली जाऊन कात्री झाली आहे आणि ती एका सापाला कापते आहे. "दोघं झाले म्हणून कात्री झाली," ती म्हणाली आणि बराच वेळ तिकडेच बघत राहिली.

आमच्या बाकावर एक बाई येऊन टेकल्या. चाळिशीच्या असतील. खांद्यावर रेल्वेच्या गणवेशाचा कोट, हातात संघटनेचा गुंडाळलेला झेंडा. मी हसले, त्या हसल्या. आईने पिशवीतलं संत्रं काढून त्यांच्या हातावर ठेवलं, आणि मग बोलणं सुरू झालं, थोडं इंग्रजीत, थोडं फोनवरच्या भाषांतरातून. त्या कापोत्रेनो होत्या, प्रादेशिक गाड्यांवर. त्यांनी आधी आमचीच क्षमा मागितली, आम्ही अडकलो म्हणून. मला ते फार लागलं. जेनोवाचा तो माणूस त्यांच्या ओळखीचा नव्हता. "पण तो डबा माझ्या ओळखीचा आहे," असं काहीसं त्या म्हणाल्या. शेवटच्या गाडीला डब्यात चार-पाचच उतारू असतात, त्यांत एक तिकीट नसलेला. पुढचं स्टेशन बारा मिनिटांवर. चालक पुढे इंजिनात, आणि मागे संपूर्ण गाडीत त्या एकट्या. 'सोला' हा शब्द त्यांनी तीनदा वापरला. एकटी.

आईने मला विचारायला लावलं, आजचा पगार मिळतो का? नाही. आठ तासांचा कापला जाणार.

"म्हणजे हिने पैसे मोजलेत आजच्या दिवसाचे," आई मला म्हणाली. मी त्याचं भाषांतर केलं नाही.

यादी वाचताना मी प्रत्येक ओळीकडे अडथळा म्हणून पाहिलं होतं. कुठून वळसा घालायचा, एवढंच. त्या ओळीत संघटनेचं नाव असतं, तास असतात, प्रांत असतो. त्या तासांचा पगार सोडून देणारं माणूस ओळीत मावत नाही. प्रवासाच्या गप्पांत इटलीतल्या संपांबद्दल लोक वैतागाने बोलतात, मीही बोललेली आहे. आता माझ्याने बोलवत नाही. आमचे साडेसात तास गेले हे खरं. पण ते कशापायी गेले, हे आम्हाला एका बाकावर बसून समजलं होतं.

पाचला संप संपला, पण गाड्या लगेच सुटत नाहीत. सकाळी जिथे थांबल्या तिथेच असतात, माणसं यावी लागतात, डबे जोडावे लागतात. सहाला थोडा वेळ असताना फ्लोरेन्सची पहिली गाडी लागली. फलाटावर गर्दी लोटली होती, कोणी आवाज चढवला नाही.

८ तारीख वहीत होती तशीच पार पडली. बसथांबे रिकामे, टॅक्सीच्या तळावर लांबलचक रांग. आम्ही पायी फिरलो, दर चौकात टेकलो. दुपारी आर्नो नदीच्या कठड्याशी उभी असताना एक बस रिकामीच डेपोकडे गेली. आई तिच्या चालकाकडे बघून हलकेच हात हलवून मोकळी झाली.

९ ला रोमची गाडी. मुद्दाम प्रादेशिक घेतली, वेळ जास्त लागतो पण आईला खिडकी आवडते. आरेत्सोच्या पुढे कापोत्रेनो तिकिटं तपासत आला. कोवळा पोरगाच होता, दाढी नुकती राखलेली. त्याने तिकिटं बघितली, आभार मानले आणि पुढे निघाला. आईने माझा दंड धरला. "विचार ना त्याला, एकटाच आहे का?"

मला वाक्य जुळवता येईना. "दा सोलो?" एवढंच विचारलं.

तो थबकला. मग गाडीच्या मागच्या टोकाकडे अंगठा करून त्याने दोन बोटं वर केली.

"दोघं आहेत," मी आईला सांगितलं. तिने मान हलवली आणि पुन्हा खिडकीकडे वळली.